हौसेला मोल नाही, पण सामानाला?



पनवेलमध्ये उभं राहून विमानांबद्दल बोलायचं, तर आता फार प्रस्तावना लागत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली, आणि बोलता बोलता वर बघायची सवय आपल्याला लागली. पण आजचा विषय त्या मोठ्या विमानांचा नाही. विमानाच्या नादात ज्याने आयुष्य काढलं असा हौशी माणूस जातो, तेव्हा त्याचे पंख, इंजिनं, अवजारं, वह्या घरात तशाच राहतात. घरच्यांनी त्याचं काय करायचं? कोणाला विकायचं, कितीला? आणि याचा इतिहासाशी काय संबंध?

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. इथल्याच एका जुन्या घरात आमचे एक स्नेही राहत. बाल्सा लाकडाची विमानं बनवायची आणि उडवायची, हा त्यांचा तीस-पस्तीस वर्षांचा नाद. ते गेले. घर पुनर्विकासाला दिलेलं, पोटमाळा पंधरा दिवसांत रिकामा करायचा होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा काय करू." आम्ही वर चढून पाहिलं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला त्यातलं काय कळणार? पण "मला कळत नाही" हे म्हणायला जीभ वळली नाही. इंजिनं एकाने उचलून नेली, विमानं मुलांना वाटली आणि वह्या रद्दीत घातल्या. किलोच्या भावाने. महिन्याभराने एक तरुण आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "काकांच्या वह्या कुठे आहेत?" त्या वह्यांत प्रत्येक विमानाचं वजन, गुरुत्वमध्य कुठे धरायचा, कोणत्या इंजिनाला कोणता पंखा, कोणत्या उड्डाणात काय बिघडलं, सगळं टिपलेलं होतं. त्याविना ती विमानं म्हणजे नुसती शोभेची वस्तू. वहिनींचं पैशांचंही नुकसान झालं, हे नंतर कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. म्हणून जास्त लागलं.

तेव्हापासून आम्हाला शिवकर बापूजी तळपदे आठवत राहतात.

तळपद्यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. जन्म १८६४, मुंबईचे पाठारे प्रभू. २०१५ साली ‘हवाईजादा’ हा चित्रपट निघाला तो त्यांच्यावरच. प्रचलित हकिकत अशी: १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी ‘मारुतसखा’ नावाचं मानवरहित यंत्र उडवलं, ते १५०० फूट वर गेलं, पाहणाऱ्यांत न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड होते. पुढे तळपदे १९१६ मध्ये, काही म्हणतात १९१७ मध्ये, वारले. आणि मग या हकिकतीचं शेवटचं वाक्य येतं, ज्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही: वारसांनी त्यांचं सामान रॅली ब्रदर्स या कंपनीला विकलं.

रॅली ब्रदर्स ही मूळ ग्रीक घराण्याची, कापूस-तागाच्या व्यापारातली बलाढ्य पेढी. आता त्या विक्रीवरून दोन तट पडतात. एक म्हणतो, इंग्रजांनी आमची विद्या पळवली. दुसरा म्हणतो, यंत्रच नव्हतं तर विकणार काय? आमचं म्हणणं असं की दोघंही एकाच रिकाम्या जागेवर भांडताहेत. समजा विक्री झाली असेल, तर त्या दिवशी घरात काय होतं? बांबूचे सांगाडे होते, की कापड, की इंजिन, की नुसती रेखाटनं? एक साधी यादी कोणी केली असती, तर शंभर वर्षांचा वाद एका पानात मिटला असता.

इथे आपल्या दर्शनशास्त्रातली एक गोष्ट उपयोगी पडते. मीमांसकांच्या एका शाखेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण अट अशी की घडा असता तर तो दिसायलाच हवा होता. खोलीत अंधार असेल तर ‘दिसत नाही’वरून काहीच सिद्ध होत नाही. तळपद्यांच्या खोलीतला दिवा त्यांच्या मागे सामान पांगलं तेव्हाच विझला. म्हणून यंत्र आज सापडत नाही यावरून ते नव्हतं असं म्हणता येत नाही, आणि होतं असं तर मुळीच म्हणता येत नाही. दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो, आणि १५०० फुटांच्या उड्डाणाचा पुरावा आपल्यापुढे नाही.

मग अंधारात काय होतं? आख्यायिका वाढते. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी तळपद्यांचं नाव जोडलं जातं, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये केला. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालंच. या गदारोळात खरा तळपदे, पदरचे पैसे घालून खटपट करणारा एक हौशी मुंबईकर, तो मात्र हरवला. त्याने जेवढं खरोखर केलं, तेवढ्याचंही श्रेय त्याला मिळत नाही. हे नुकसान कोणाचं? आधी त्याचं, मग आपलं.

आता त्याच काळातला दुसरा माणूस पाहू. इंग्लंडमधला पर्सी पिल्चर. १८९९ साली त्याने इंजिनावर चालणारं त्रिपंखी यंत्र तयार केलं होतं. ३० सप्टेंबरला पैसे लावणाऱ्या मंडळींसमोर ते दाखवायचं, तर त्याआधीच इंजिनाचा दांडा मोडला. पाहुण्यांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून त्याने आपलं जुनं ‘हॉक’ नावाचं ग्लायडर उडवलं. हवेत शेपटी मोडली, तो कोसळला आणि २ ऑक्टोबरला वारला. वय जेमतेम तिशी ओलांडलेलं. पण मोडलेलं ‘हॉक’ भंगारात गेलं नाही. ते तिथल्या एरोनॉटिकल सोसायटीकडे गेलं आणि १९०९ मध्ये एडिंबरोच्या संग्रहालयात पोचलं. त्रिपंखी यंत्राबद्दलचे जे थोडे कागद उरले, त्यांच्या आधारे २००३ मध्ये क्रॅनफिल्ड विद्यापीठातल्या लोकांनी ते यंत्र बांधून पाहिलं. काही सुधारणा कराव्या लागल्या, पण ते १ मिनिट २६ सेकंद हवेत राहिलं. पिल्चर राइट बंधूंच्या आधी उडाला असं यातून सिद्ध होत नाही. पण त्याचा विचार कितपत बरोबर होता, हे तपासता तरी आलं. तळपद्यांच्या बाबतीत आपल्याला तेवढंही करता येत नाही.

आणि राइट बंधूंचं काय? विल्बर १९१२ मध्ये गेले, ऑर्व्हिल ३० जानेवारी १९४८ ला. त्यांचं १९०३ चं विमान १९२८ पासून लंडनच्या विज्ञान संग्रहालयात होतं, कारण ऑर्व्हिल यांचं स्मिथसोनियन संस्थेशी भांडण होतं. स्मिथसोनियन आपले माजी सचिव लँगली यांच्या यंत्राला पहिलेपणाचा मान देत होती. १९४२ मध्ये संस्थेने चूक मान्य केली. ऑर्व्हिल यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी ते विमान स्मिथसोनियनला विकलं. किंमत किती? एक डॉलर. १७ डिसेंबर १९४८ ला ते वॉशिंग्टनमध्ये मांडलं गेलं. पण करारात एक अट होती: राइट बंधूंच्या आधी दुसऱ्या कोणी इंजिनाचं, नियंत्रित, माणसासह उड्डाण केलं असं संस्थेने मान्य केलं, तर विमान वारसांकडे परत जाईल. म्हणजे पैसा एक डॉलर, पण किंमत मोठी! निष्कर्ष बरोबर असेलही, पण तो काढणारा अटीने बांधलेला.

या तीन घटना शेजारी ठेवा. तळपद्यांच्या हकिकतीत एका बाजूला वारस, दुसऱ्या बाजूला घेणारा. मध्ये कोणी नाही. राइट बंधूंच्या प्रकरणात वारसांची बाजू इतकी भक्कम की तिने संग्रहालयालाही बांधून टाकलं. पिल्चरच्या बाबतीत मध्ये एक तिसरा होता: ज्याला त्या वस्तूतलं कळत होतं आणि ज्याला त्यातून काही कमवायचं नव्हतं. आज जो धर्मादाय संस्थेचा विचार आम्ही मांडतो आहोत, तो या तिसऱ्याचाच आहे.

असा तिसरा आपल्याकडे झालाच नाही असं नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यावरची दप्तरं उतरवली, वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या तोंडून कागद सोडवले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, एकूण २२ खंड झाले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पेशव्यांच्या पत्रांना जो न्याय मिळाला, तो एखाद्या कारागिराच्या वहीला का मिळू नये?

आता पनवेलकडे येऊ. इथे जुनी घरं पाडून इमारती होताहेत, माळे रिकामे होताहेत. अशा घरात एखादी वहिनी उद्या आपल्याला विचारेल. तेव्हा हे काम करणाऱ्या चार जाणत्यांनी काय करावं?

पहिली गोष्ट सुरक्षेची. लिथियम पॉलिमरच्या फुगलेल्या बॅटऱ्या पेट घेतात, त्या आधी वेगळ्या काढायच्या. इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल असतं. ते विषारी, आणि त्याची ज्योत दिवसा नीट दिसत नाही. घरच्यांना हे कोण सांगणार?

दुसरी गोष्ट मालकीची. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर तीही, सगळ्यांचा वाटा. तेव्हा एकट्या थोरल्या मुलाच्या होकारावर काही विकायचं नाही. नोंदणी झालेला ड्रोन असेल, तर त्याचं रीतसर हस्तांतर हवं. आणि ‘उडवून दाखवा’ असं गिऱ्हाईक म्हणालं, तरी पनवेलमध्ये ते चालायचं नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीविना उडवता येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जो भाव ठरवेल त्याने विकत घ्यायचं नाही. हा एक नियम पाळला, तरी अर्धी फसवणूक थांबते. यादी करायची, फोटो काढायचे, आलेला पैसा पुरता घरी द्यायचा. आणि कागद विकण्याआधी त्यांची प्रत काढायची.

कोणी म्हणेल, घरात माणूस गेला आहे, दिवसकार्य व्हायचं आहे, तुम्ही सामानाचा हिशेब काय मांडता? पण दुःखातला माणूसच घाईने विकतो. त्याला थोडा वेळ मिळवून देणं, ही मदतच आहे. हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो. करणाऱ्यासाठी ते खरं आहे. तो गेल्यावर मात्र कोणीतरी मोल करणारच, आणि ते मोल रद्दीवाल्याने करावं की जाणत्याने, एवढंच आपल्या हाती असतं.

वहिनींच्या पोटमाळ्यावर आम्ही एक शब्द बोलायला हवा होता: "थांबा." तो तेव्हा बोललो नाही, म्हणून आज इथे बोललो.