३ डिसेंबर : हुसैनीवाल्याची झुंज

१९७१ : भारत-पाक युद्ध पेटले त्याच संध्याकाळी पाकिस्तानी फौज हुसैनीवाल्यावर चालून आली. पंजाबात फिरोजपूरजवळ, ऐन सीमेवर सतलजला घातलेला इथला बंधारा बिकानेरकडे जाणाऱ्या गंग कालव्याला पाणी पुरवतो. १५ पंजाब पलटणीने कडवी झुंज दिली. तरी नदीपलीकडचा टापू हातचा गेला. १९६५च्या युद्धात हेच ठाणे मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीने राखले होते.

महाराष्ट्राचे या मातीशी नाते त्याहून जुने. २३ मार्च १९३१ रोजी फाशी दिल्यावर भगतसिंग, सुखदेव यांच्यासह खेडच्या शिवराम हरी राजगुरूंवर इथेच सतलजकाठी अंत्यसंस्कार झाले. फाळणीत पाकिस्तानात गेलेली ही जागा १९६१ मध्ये गावांच्या अदलाबदलीत भारताने मिळवली.