राजाला नजर केलेली गुरं आणि हकालाऊचं रान

१७९३ साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर यानं हवाईचा राजा कामेहामेहा याला कॅलिफोर्नियातली गुरं नजर केली. राजानं ती मारण्यावर ‘कापू’, म्हणजे बंदी घातली. गुरं मोकाट सुटली, माजली आणि मौना केआ पर्वताच्या उतारांवरचं रान चरू लागली. त्या बेटांवर लाखो वर्षं गुरांसारखं चरणारं एकही जनावर नव्हतं. झाडंझुडपं बहुतेक बिनकाट्यांची. कोआ या तिथल्या झाडाची कोवळी रोपं वाढण्याआधीच फस्त होत. मागून ही गुरं आवरायला मेक्सिकन गुराखी आले, कुरणं वाढली. हवाईत गुराख्याला अजून ‘पानिओलो’ म्हणतात, तो शब्द ‘एस्पान्योल’वरून आला.

रान गेलं, तसे गाणारे पक्षीही हटत गेले. ज्याच्या लाल पिसांनी सरदारांचे झगे मढवले जात, तो इइवी त्यांतलाच. त्यात १८२६ मध्ये एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून डास लहायना बंदरात उतरले. डासांमार्फत पसरलेल्या पक्ष्यांच्या हिवतापानं सखल भागातली जंगलं मुकी झाली. वर, थंड हवेत, डासांचा जोर चालत नाही. पक्षी तिथंच तगले. नेमका तोच वरचा पट्टा कुरणांनी खाल्लेला होता.

म्हणून १९८५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं मौना केआच्या पूर्व उतारावर हकालाऊ अभयारण्य जाहीर केलं. देशात असं राखीव रान वनपक्ष्यांसाठी पहिल्यांदाच होत होतं. आधी कुंपणं घातली, मग गुरं आणि रानडुकरं बाहेर काढली. लागवड मात्र सोपी नव्हती. उघड्या माळावर रात्रीचं दहिवर गोठायचं आणि रोपं करपायची. तेव्हा आधी कोआ लावायचा, तो झपाट्यानं वाढला की त्याच्या आडोशाला ओहिया आणि इतर झाडं, असा क्रम बसला. स्वयंसेवकांनी हातांनी लावलेल्या रोपांची संख्या काही लाखांवर गेली आहे.

आता या तरुण कोआवर अकियापोलाऊ हा पक्षी दिसतो. हवाईत सुतारपक्षी नाही. त्याचं काम हाच करतो. सरळ खालच्या चोचीनं साल ठोकायची, वाकड्या वरच्या चोचीनं अळी ओढायची.

नारिंगी अकेपा पक्ष्याचं एवढ्यानं भागत नाही. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते आणि हे कोआ अजून चाळिशीच्या आतबाहेरच आहेत. ते जुने होईपर्यंतची सोय म्हणून त्याच्यासाठी कृत्रिम ढोल्या बांधूनही पाहिल्या गेल्या.