जलसा : गाणे, कविता आणि चळवळीचा मंच

संगीत, काव्य आणि सामाजिक लढा यांना एका मंचावर आणणारा महाराष्ट्राचा अस्सल कलाप्रकार म्हणजे जलसा. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याशी त्याचे नाते जवळचे आहे. मात्र त्या नात्याला एक सलणारी बाजूही आहे.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुढे या समाजाच्या प्रचारासाठी जलसे उभे राहिले. त्यांचा साचा तमाशाचा होता. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग हा क्रम ग्रामीण प्रेक्षकाला तोंडपाठ असल्याने नवा विचार जुन्या चौकटीतून सहज पोहोचत असे. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशांनी हीच चौकट स्वीकारली. परंतु शृंगाराला फाटा देऊन शिक्षण, पाण्याचा हक्क, सावकारी आणि अस्पृश्यता हे विषय मंचावर आणले. शेजारच्या नाशिक भागातील भीमराव कर्डक हे या परंपरेतील अग्रणी होत. ज्या वस्तीत वर्तमानपत्र वाचणारा क्वचितच आढळे, तेथे जलसा हेच वर्तमानपत्र होते.

या चौकटीमागे ज्यांची कला होती, त्यांत संगमनेर तालुक्यातील पवळा हिवरगावकर यांचे नाव ठळक आहे. महार समाजातील ही कलावती तमाशाच्या फडावर उभी राहणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक मानली जाते. शाहीर पठ्ठे बापूराव यांच्यासोबत तिने फड गाजविला. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी देऊ केलेली देणगी डॉ. आंबेडकरांनी नाकारली, असे सांगितले जाते. महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका होती. ती समजण्यासारखी आहे. तथापि, चळवळीने तमाशाचा साचा घेतला आणि तो घडविणारी स्त्री मात्र मंचाबाहेर राहिली. आंबेडकरी जलशांत स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. शैलजा पाईक यांनी २०२२ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा प्रश्न अभ्यासिला. त्यांना २०२४ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेची मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली.

जिल्ह्यात चळवळीची पावले ठळक उमटली आहेत. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे डिसेंबर १९३९ मध्ये महार वतनदारांची परिषद भरली होती आणि तीत डॉ. आंबेडकरांनी वतनाच्या जोखडाविरुद्ध आवाज उठविला. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. वतनाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याला बलुतं म्हणत. अकोले तालुक्यात जन्मलेले दया पवार यांनी १९७८ च्या आत्मकथनाला हेच नाव दिले. त्यांची धरणावर राबणाऱ्या स्त्रीविषयीची कविता पुढे मोर्चांतून गायिली गेली. त्यांच्याच तालुक्यात भंडारदऱ्याचे धरण आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

असे मंच इतरत्रही उभे राहिले. कॅलिफोर्नियात १९६५ मध्ये द्राक्षमळ्यांतील संपाच्या वेळी लुईस वाल्डेझ यांनी 'एल तेआत्रो कांपेसिनो' ही नाट्यमंडळी स्थापन केली. मेक्सिकन वंशाचे शेतमजूर ट्रकच्या उघड्या फळीवर आपल्याच जगण्याचे विनोदी प्रवेश करीत. चिलीतील गायक व्हिक्टर हारा याची १९७३ च्या लष्करी उठावानंतर हत्या झाली. बंदूकधाऱ्यांना गाण्याची भीती वाटली, यातच त्या गाण्याचे सामर्थ्य दिसते.

आज जयंतीच्या मिरवणुकांत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि ढोलकी मागे पडते. जलशांची अनेक गाणी केवळ मुखोद्गत होती. गाणारा गेला की तीही जातात. ती टिपून ठेवणे हे गावोगावच्या वाचनालयांना आणि महाविद्यालयांना सहज जमण्याजोगे काम आहे. मात्र हे संकलन करताना पवळेच्या नावाला पहिल्या पानावर स्थान मिळाले, तरच तो इतिहास पूर्ण ठरेल.