ध्रुवावरचं भोक : फोटो खरा, भोक खोटं

व्हॉट्सअॅपवर अधूनमधून एक फोटो फिरत येतो. वरून दिसणारी पृथ्वी, भोवती ढग, आणि उत्तर ध्रुवाच्या जागी काळंकुट्ट गोल भोक. खाली लिहिलेलं असतं, 'लपवलेलं सत्य'. गंमत म्हणजे फोटो बनावट नाही. एस्सा-७ नावाच्या अमेरिकन हवामान उपग्रहाने टिपलेला आहे, तारीख २३ नोव्हेंबर १९६८. मग भोक आलं कुठून? त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

पृथ्वी पोकळ असावी ही कल्पना कुणा वेड्याची नाही. धूमकेतूवाले हॅले, त्यांची आहे. होकायंत्राची सुई वर्षानुवर्षं हळूहळू सरकते, ती का, हे कोडं सोडवताना त्यांनी १६९२ मध्ये सुचवलं की पृथ्वीच्या आत आणखी गोल असतील, वेगळ्या गतीने फिरणारे. त्या काळाच्या माहितीत हा रीतसर अंदाज होता.

पण १७९८ मध्ये कॅव्हेंडिश यांनी लंडनमध्ये बसून पृथ्वीची घनता मोजली. पाण्याच्या साधारण साडेपाच पट. वरचा खडक भरतो जेमतेम पावणेतीन पट. म्हणजे आत काहीतरी फार जड ठासून भरलेलं असणार. विषय खरं तर तिथेच संपला होता.

संपला नाही. १० एप्रिल १८१८ रोजी सेंट लुइसमध्ये जॉन क्लीव्ह्ज सिम्स या माजी लष्करी कॅप्टनने पत्रक काढलं : पृथ्वी पोकळ आहे, दोन्ही ध्रुवांवर तोंडं उघडी आहेत, मला शंभर धाडसी माणसं द्या, सायबेरियातून रेनडिअरच्या गाड्यांनी आत जाऊन दाखवतो. सोबत डोकं ठिकाणावर असल्याचा दाखलाही जोडला! प्रकरण अमेरिकन संसदेपर्यंत गेलं. १८२३ मध्ये मागणी फेटाळली गेली, तरी पंचवीस मतं बाजूने पडली.

पुढची पिढी जास्त हुशार निघाली. विल्यम रीड (१९०६) आणि मार्शल गार्डनर (१९१३) यांनी ध्रुवावर पाऊलही ठेवलं नाही. दर्यावर्दींच्या रोजनिशा वाचून त्यातल्या हवामानाच्या नोंदी तेवढ्या वेचल्या. उत्तरेचा वारा सुटला आणि पारा चढला. पुढे मोकळं पाणी दिसलं. पक्षी उत्तरेकडे गेले. बर्फात लाकडाचे ओंडके सापडले. निष्कर्ष काय, तर आत उबदार देश आहे! गार्डनरने तर आत छोटा सूर्य बसवला आणि १९१४ मध्ये तसल्या पृथ्वीगोलाचं पेटंटही घेतलं.

आता बघा, नोंदी जवळपास सगळ्या खऱ्या होत्या. ध्रुवीय हिवाळ्यात सगळ्यात थंड हवा बर्फाला चिकटून बसते, वरची हवा तुलनेने उबदार असते. वारा सुटला की दोन्ही घुसळल्या जातात आणि पारा चढतो, मग वारा कुठूनही येवो. मोकळं पाणी वारे आणि प्रवाह बर्फ हटवतात म्हणून दिसतं. ओंडके सायबेरियाच्या नद्यांनी वाहून आणलेले.

हा नुसता करमणुकीचा विषय आहे असं वाटत असेल तर जेनेट जहाज आठवा. पोकळ पृथ्वी सोडा, 'बर्फापलीकडे मोकळा समुद्र आहे' हे मत तेव्हा प्रतिष्ठित भूगोलतज्ज्ञही मानत. त्या भरवशावर १८७९ मध्ये ३३ माणसं निघाली. जहाज बर्फात अडकलं, जून १८८१ मध्ये चिरडलं गेलं. त्यातले वीस जण परतले नाहीत.

त्याच जहाजाचे अवशेष १८८४ मध्ये ग्रीनलंडच्या किनाऱ्याला सापडले. कुणीही चमत्कार म्हटलं असतं. नान्सेन यांनी मात्र म्हटलं, बर्फ इकडून तिकडे वाहतोय. आणि १८९३ मध्ये 'फ्राम' जहाज मुद्दाम बर्फात अडकवून स्वतः त्यावर बसले. अंदाज चुकला असता तर जिवावर बेतलं असतं. तीन वर्षांनी जहाज पलीकडे सुखरूप बाहेर पडलं. पुरावा एकच होता. एकाने स्वतःचा अंदाज चूक ठरण्याची वाट उघडी ठेवली, दुसऱ्यांनी सोयीचं तेवढं उचललं.

आता तो फोटो. तो एका क्षणी काढलेला नाही, दिवसभरातली अनेक चित्रं जोडून केलेला आहे. कॅमेऱ्याला सूर्यप्रकाश लागायचा, आणि नोव्हेंबरात ध्रुवावर चोवीस तास रात्र असते. जिथे उजेड नाही तिथे चित्र काळं. बस, एवढंच भोक! १९७० मध्ये रे पामर यांनी आपल्या उडत्या तबकड्यांच्या मासिकात ते पुरावा म्हणून छापलं आणि ते आजतागायत फिरतंय.

त्या अंधारात आता आपलीही माणसं असतात. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं 'हिमाद्री' ठाणं २००८ पासून स्वालबार्डला आहे आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे भर हिवाळ्यातही काम चालतं. डिसेंबर २०१५ मध्ये ध्रुवाजवळ तापमान शून्याच्या आसपास पोचलं होतं. अटलांटिकवरून आलेल्या वादळाने ती ऊब नेली होती. पण आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतोय, हेही तितकंच खरं. तिथल्या उबेची खरी बातमी ही आहे, आणि ती समुद्राकाठच्या आपल्यासारख्यांच्याही कामाची आहे.

तेव्हा पुढच्या वेळी तो फोटो आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा : काका, महिना कोणता होता?