आम्ही पेणकर मूळचे कुठले?

भगिनींनो, इतिहास लिहिणे हे पंडितांचे काम. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या पुतण्याने कळविले, "काकू, मुलाला शाळेत घराण्याची माहिती लिहून न्यायची आहे. आपण पेणकर मूळचे कुठले?" मग पदर खोचून शोधास लागले.

आम्ही बेने इस्राएल. कोकणात ज्या गावी वसलो, त्या गावाला 'कर' जोडून आडनाव झाले. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. १७९६ साली मुंबईत आमचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणाऱ्या गृहस्थांचे नाव सामाजी हसाजी दिवेकर. सामाजी म्हणजे शमुएल आणि हसाजी म्हणजे यहेज्केल. नावे पवित्र शास्त्रातली, आडनाव कोकणातले!

परंतु आडनाव पेणपर्यंत नेऊन सोडते, पुढे नाही. त्यापुढे परंपरा सांगते की, नवगावजवळ जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, तो १९३७ साली छापला गेला. पुढे २०१६ साली शास्त्रज्ञांनी आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध केली. तीत आमच्यात ज्यू व भारतीय, दोन्ही पूर्वजांचा अंश आढळला. म्हणजे आम्ही समुद्रापलीकडचे खरे, आणि याच मातीतलेही खरे.

आता घरची वंशावळ. मामंजींच्या जुन्या वहीत सात पिढ्यांची नावे मिळाली, पण सगळी पुरुषांची. जणू या घराण्यात बायका नव्हत्याच! मलिद्याचे पोहे भिजवता भिजवता मी सासूबाईंना सहज विचारले. त्यांची दृष्टी अधू, पण आठवण लख्ख. अमकी रोह्याची, तमकी अष्टमीची, थोरली झिरादची, असे करीत त्यांनी चार पिढ्यांच्या सुना नावागावासह सांगितल्या. त्या मी वहीत पुरुषांच्या शेजारी लिहिल्या.

मग माहेरची वंशावळ मांडायला बसले. आईच्या आजीचे नाव काय? आई होती तोवर विचारायचे सुचले नाही. आता सांगणारे कोणी उरले नाही. ती जागा कोरीच आहे.

१९४८ नंतर आमच्यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. येथे काही हजारच राहिलो. तिकडच्या मुलांना आडनावातले पेण कोणी तरी सांगायला हवे, म्हणून वहीची नक्कल पुतण्याला पाठविली.

भगिनींनो, आडनाव कोणतेही असो, घरच्या म्हाताऱ्या बाईजवळ आजच वही घेऊन बसा. पुरुषांची नावे कागदावर सापडतील, आपली नावे मात्र तिच्याच तोंडी आहेत.