सलूनमधील रक्तदाब चाचणी, लॉस एंजेलिस

अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या ५२ सलूनमध्ये घेतलेली उच्च रक्तदाबावरील उपचारांची वैद्यकीय चाचणी. सीडार्स-सायनाय वैद्यकीय केंद्रातील हृदयरोगतज्ज्ञ रोनाल्ड व्हिक्टर हे तिचे प्रमुख. निष्कर्ष मार्च २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केले. ज्या समाजगटांना वैद्यकीय संशोधनात फारसे स्थान मिळत नाही त्यांच्यापर्यंत कसे पोहोचावे, याचे उदाहरण म्हणून या चाचणीचे नाव नेहमी घेतले जाते. ते योग्यच आहे. मात्र ‘न्हाव्याने सांगितले म्हणून लोक आले’ एवढाच तिचा अर्थ घेतला तर निम्मी गोष्ट हातची निसटते.

अमेरिकेत उच्च रक्तदाबाशी निगडित मृत्यूंचे प्रमाण कृष्णवर्णीय पुरुषांत सर्वाधिक आहे. त्याच समाजातील स्त्रियांच्या मानाने हे पुरुष डॉक्टरकडे कमी जातात. औषधांच्या चाचण्यांतही कृष्णवर्णीय थोडेच. अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये मंजूर केलेल्या ५३ नव्या औषधांच्या चाचण्यांत सुमारे ३२,००० माणसे होती. त्यांत कृष्णवर्णीय ८ टक्के, लोकसंख्येत मात्र त्यांचा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास. सरकारी निधीवरच्या संशोधनात स्त्रिया व अल्पसंख्य गट घेतलेच पाहिजेत आणि ‘खर्च वाढतो’ ही सबब चालणार नाही, असा कायदा १९९३ मध्येच झाला होता. पण तो राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशापुरता. औषध कंपन्यांच्या स्वखर्चाच्या चाचण्या त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

या अनुपस्थितीचे कारण विचारले की पहिले नाव निघते टस्कीगीचे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ मध्ये अलाबामा राज्यातील मेकन काउंटीत सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांतील ३९९ जणांना उपदंश (सिफिलिस) होता. ‘तुमचे रक्त बिघडले आहे’ एवढेच त्यांना सांगण्यात आले. १९४०च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय हाती आल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. रोग शेवटपर्यंत कसा वाढतो हे पाहायचे होते. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी वाचा फोडल्यावर हा प्रकार थांबला. त्यातून १९७४चा संशोधनविषयक कायदा आला, आणि १९९७ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली.

टस्कीगीचा एक पैलू मात्र फारसा सांगितला जात नाही. लोकांपर्यंत पोहोचण्याचे काम तिथे चोख होते. युनिस रिव्हर्स ही कृष्णवर्णीय परिचारिका तीन दशकांहून अधिक काळ त्या पुरुषांच्या घरी जात-येत होती, त्यांना गाडीतून तपासणीला नेत होती. तपासणीच्या दिवशी गरम जेवण मिळे. शवविच्छेदनाला परवानगी दिल्यास अंत्यविधीचा खर्च मिळे. १९५८ मध्ये पंचवीस वर्षांच्या सहभागाबद्दल प्रशस्तिपत्रे वाटली आणि वर्षाला एक डॉलर या हिशेबाने पैसेही दिले. ओळखीचे माणूस, वाहनाची सोय, मोबदला, सन्मान: आजच्या लोकसंपर्काच्या पुस्तिकांत जे असते ते बहुतेक सगळे तिथे होते. नव्हते ते औषध, आणि खरे सांगणे.

अविश्वास आहे, आणि तो साधार आहे. तरीही सगळा दोष त्याच्या माथी मारण्यात संशोधकांची सोय असते. डेव्हिड वेंडलर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वीस अभ्यासांतील ७०,०००हून अधिक लोकांची आकडेवारी एकत्र तपासली. ‘भाग घ्याल का?’ असे प्रत्यक्ष विचारल्यावर होकार देण्यात गोऱ्या आणि अल्पसंख्य लोकांत नगण्य फरक निघाला. अडचण नकाराची कमी आणि न विचारले जाण्याची जास्त होती.

व्हिक्टर यांचा पहिला प्रयोग टेक्सासमधील डॅलस शहरातला, १७ सलूनमधला. तिथे न्हावी गिऱ्हाइकाचा रक्तदाब मोजत, तो जास्त असेल तर डॉक्टरकडे जायला सांगत, आणि ज्यांना गुण आला त्यांच्या हकिकती दुकानात लावलेल्या असत. २०११ मध्ये छापलेला निकाल माफक होता. रक्तदाब आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण थोडे वाढले, पण वरच्या रक्तदाबातील सरासरी फरक जेमतेम अडीच अंकांचा, संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारा. लोक पाठवले तरी पुढे दवाखान्यात काय होईल यावर न्हाव्याची सत्ता नव्हती.

लॉस एंजेलिसमध्ये म्हणून दवाखानाच सलूनमध्ये आणला. ज्यांचा वरचा रक्तदाब १४० किंवा अधिक आहे असे ३१९ नियमित गिऱ्हाईक पुरुष निवडले. चिठ्ठी माणसांची नाही, दुकानांची टाकली; एका दुकानातल्या सगळ्यांना एकच वागणूक. तुलनेसाठी ठेवलेल्या दुकानांत न्हावी मीठ कमी करा, डॉक्टरांना भेटा असा सल्ला देत. उरलेल्या दुकानांत न्हावी गिऱ्हाइकाची गाठ फार्मासिस्टशी घालून देई. हा फार्मासिस्ट खास प्रशिक्षित. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार रुग्णाच्या डॉक्टरशी आधी करार करून औषध लिहून देण्याचा अधिकार असलेला. तो तिथेच रक्तदाब मोजे, बोटाला टोचून घेतलेल्या थेंबभर रक्तावर क्षारांची तपासणी करी, गोळ्या ठरवी, गरजेप्रमाणे मात्रा वाढवी आणि डॉक्टरकडे टिपण पाठवी. अम्लोडिपिन आणि दुसऱ्या गटातली एक दीर्घकाळ टिकणारी गोळी ही सुरुवात. तेवढ्याने भागले नाही तर इंडापामाइड. यातले एकही औषध नवे नव्हते.

सहा महिन्यांनी फार्मासिस्ट असलेल्या दुकानांतील सरासरी वरचा रक्तदाब १५२.८ वरून १२५.८ वर आला. तुलनेच्या दुकानांत १५४.६ वरून १४५.४ वर. १३०/८० च्या खाली गेलेले एकीकडे ६३.६ टक्के, दुसरीकडे ११.७ टक्के. तिघांच्या मूत्रपिंडावर तात्पुरता ताण आला, तो इंडापामाइड बंद केल्यावर ओसरला. ९५ टक्के सहभागी शेवटपर्यंत टिकले, आणि ज्या गटाबद्दल ‘हे लोक चाचणीत टिकत नाहीत’ असे सहज बोलले जाते त्याच्या बाबतीत हा आकडा रक्तदाबाच्या आकड्याइतकाच बोलका आहे. वर्षभरानंतरही परिणाम जवळपास तसाच राहिला: १३०/८० च्या खाली ६८ टक्के विरुद्ध ११ टक्के. हे निष्कर्ष ‘सर्क्युलेशन’मध्ये येण्याआधीच, सप्टेंबर २०१८ मध्ये व्हिक्टर यांचे निधन झाले होते.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की विश्वासातला न्हावी दोन्ही गटांत होता. फरक पडला तो त्याच्या शब्दामागोमाग औषध आले तिथे. मर्यादाही उघड आहेत. सलूनमध्ये नियमित जाणाऱ्यांचीच निवड झाली, स्त्रिया त्यात नव्हत्या, आणि फार्मासिस्टांचा बराच वेळ दुकानामागून दुकान गाठताना शहराच्या रहदारीत गेला. हे प्रारूप मोठ्या प्रमाणावर कोणाच्या पैशाने चालवायचे, हा प्रश्न चाचणीने सोडवलेला नाही.

१९९३च्या कायद्याबाहेर राहिलेल्या औषध कंपन्यांनी मोठ्या चाचण्यांआधी सहभागवैविध्याचा आराखडा द्यावा, अशी तरतूद अमेरिकी संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये केली. तिचा मार्गदर्शक मसुदा २०२४ मध्ये निघाला, जानेवारी २०२५ मध्ये सरकारी संकेतस्थळावरून काढला गेला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर परत आला. अनुपस्थितीचा हा प्रश्न कृष्णवर्णीयांपुरता नाही. अमेरिकेतील भारतीय व इतर दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराचा ‘मसाला’ हा दीर्घ अभ्यास २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरात सुरू झाला, तोही जुन्या अभ्यासांत हे लोक जवळपास नसल्यामुळेच.

भारतात प्रश्न बऱ्याचदा उलटा असतो: गरिबांना वगळले जात नाही, तेच आधी सापडतात. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. प्रकल्पादरम्यान काही मुली दगावल्या होत्या. त्यांच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण संमती कशी घेतली हे बाहेर आले. संसदीय समितीच्या २०१३च्या अहवालानुसार आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ अर्जांपैकी २,७६३ अर्जांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. ओळखीच्या माणसाचा असाही उपयोग होतो. याउलट गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती देखभालीची चाचणी घेतली, तेव्हा गावातल्याच स्त्रिया प्रशिक्षण घेऊन घरोघरी बाळांवर उपचार करत होत्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या त्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे.

भारतात चाचणी सुरू होण्याआधी ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत तिची नोंद २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. चाचणीत भाग घ्यायला कोणी विचारले, विचारणारा कितीही ओळखीचा असला तरी, नोंदणी क्रमांक आणि संमतिपत्राची प्रत मागून घ्यावी. दिलेली संमती कधीही, कारण न देता, मागे घेता येते.