हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, तास वेगळे

पृथ्वीच्या गोलावर हेलसिंकीपासून टोकियोपर्यंत दोरा ताणून धरा. लांबी भरते सुमारे ७,८०० किलोमीटर. सरळ गेलं तर आजच्या एअरबस ए-३५० ला हा साधारण साडेनऊ तासांचा प्रवास. पण २०२२ पासून फिनएअरला त्यालाच तेरा तास लागू लागले. आणि गंमत बघा, १९८३ सालीही तेराच तास लागायचे! मधल्या चाळीस वर्षांत तीन इंजिनांची दोन झाली, धातूच्या सांगाड्याच्या जागी कार्बन फायबर आलं, आणि घड्याळ फिरून जुन्याच आकड्यावर. असं का बुवा?

तर तो ताणलेला दोरा जवळपास सगळाच्या सगळा रशियावरून जातो. शीतयुद्धात सैबेरियाचं आकाश पाश्चात्त्य विमानांना बंद होतं. मग युरोपातून जपानला जायचं, तर आशियाच्या दक्षिणेकडून थांबत थांबत जा, नाहीतर वरून, उत्तर ध्रुवाजवळून. ही वरची वाट २४ फेब्रुवारी १९५७ ला एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीने सुरू केली. कोपनहेगन, अलास्कातलं अँकरेज, मग टोकियो. पंख्याच्या डीसी-७सी विमानानेसुद्धा प्रवास पन्नासेक तासांवरून तिसाच्या आसपास आला.

ही वाट सोपी मात्र नव्हती. तिकडे होकायंत्राची सुई भरवशाची राहत नाही. रेखावृत्तं इतकी जवळ येतात की सरळ उडतानाही ‘पूर्व’ मिनिटामिनिटाला बदलते. म्हणून नॅव्हिगेटर नकाशावर चौकोनी जाळी आखून घेत, जायरोस्कोपवर दिशा धरत आणि सूर्य-तारे बघून ती तपासत.

दिशा चुकली तर काय होतं, ते २० एप्रिल १९७८ ला दिसलं. पॅरिसहून अँकरेजमार्गे सोलला निघालेलं कोरियन विमान भरकटून उलटं फिरलं आणि सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने त्यावर मारा केला. वैमानिकाने ते कसंबसं गोठलेल्या तळ्यावर उतरवलं. दोन प्रवासी गेले.

अशा काळात, एप्रिल १९८३ मध्ये, फिनएअरने जादा इंधनाची टाकी बसवलेलं डीसी-१० घेऊन हेलसिंकी ते टोकियो थेट सेवा सुरू केली. ध्रुवावरून वर, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून खाली, मधे कुठेही न थांबता. त्यानंतर चारच महिन्यांनी, १ सप्टेंबरला, आणखी एक कोरियन विमान अँकरेजहून सोलला जाताना वाट चुकलं. सोव्हिएत क्षेपणास्त्राने ते पाडलं. २६९ माणसं गेली.

सोव्हिएत संघाने १९७० पासून मॉस्कोत थांबणाऱ्या मोजक्या फेऱ्यांना वाट दिली होती. खरी मोकळीक मिळाली ती १९९१ च्या आगेमागे. अर्थात फुकट नव्हे, सैबेरियावरून उडायचे पैसे मोजून! अँकरेजची वर्दळ ओसरली. दोऱ्याच्या टोकाशी बसलेल्या हेलसिंकीचं मात्र फावलं. ‘युरोपातून आशियाला जायची जवळची वाट’ यावर फिनएअरने आपला धंदा उभा केला.

युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी ते आकाश युरोपीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं. फिनएअर परत कधी ध्रुवावरून, तर कधी खालून कझाकस्तान-चीनमार्गे जाऊ लागली. ध्रुवावरून गेलेल्या प्रवाशांना प्रमाणपत्रंही मिळाली. हौसेला मोल नाही, पण जादा तीन-साडेतीन तासांच्या इंधनाला आहे. आणि चिनी कंपन्यांना रशियाचं आकाश खुलंच राहिलं, त्यामुळे युरोपला जाताना त्यांना वळसा नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजात डायक्स्ट्राचा अल्गोरिदम घोकलाय. ग्राफ दिलेला असतो, आपण फक्त सगळ्यात जवळची वाट काढायची. इथे ग्राफच दर काही वर्षांनी बदलतो, शिवाय प्रत्येकाला वेगळा मिळतो. एक कडा पुसली की तीस-चाळीस वर्षांचं इंजिनिअरिंग जेमतेम वळसा भरून काढतं. दोन शहरांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजा हवं तर. तास किती लागणार, हे मधल्या देशांशी आपलं कसं जमतंय त्यावर!